गाणं डाउनलोड केलं होतं, मग गेलं कुठे?

दोस्तांनो, मे महिना उजाडला की आमच्या घरात एक काम न सांगता माझ्या गळ्यात पडतं. भाचीला दादरहून रत्नागिरीला आजीकडे पोचवायचं. यंदाही निघालो. भाचीबाई आता नववीत जाणार. त्यामुळे खिडकीची जागा, वडापाव आणि कानात गाणी, एवढ्यावर स्वारी खूश असते. मामाशी बोलायची गरज फक्त भूक लागल्यावर!

निघण्याआधी तिने मोठ्या हुशारीने तयारी केली होती. कोकण रेल्वेच्या वाटेवर डोंगर आणि बोगदे फार. मोबाइलची रेंज सारखी येते नि जाते. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा बोगदा तर साडेसहा किलोमीटर लांब! म्हणून तिने आदल्या आठवड्यात घरी बसून साठ गाणी फोनमध्ये डाउनलोड करून ठेवली होती. "आता रेंज असो नसो, मला फरक पडत नाही," असं ऐटीत सांगूनही झालं.

चिपळूण गेलं आणि एकदम ओरडली, "अरे मामा, माझी गाणी गेली!"

बघतो तर काय, साठच्या साठ गाण्यांची नावं यादीत दिसत होती, पण सगळी फिकी, राखाडी. बोट लावलं तर वाजेनात. वर एक ओळ आली होती. तिच्या बाबांनी त्या ॲपचे भरलेले पैसे आदल्या दिवशी संपले होते. नवे पैसे भरा, मग गाणी ऐका!

"पण मी ती डाउनलोड केली होती ना? फोनमध्येच आहेत ना ती? मग कुठे गेली?"

प्रश्न अगदी बरोबर होता. गाणी खरोखर कुठेही गेली नव्हती. ती फोनमध्येच होती. फक्त ती तिची नव्हती. हे कसं काय? ते समजून घ्यायचं तर गाणं 'विकत घेणं' म्हणजे काय, हे जरा मागे जाऊन बघावं लागेल. बोगद्यात शिरायला आम्हाला अजून वेळ होता, म्हणून मी तिला गोष्ट सांगायला सुरुवात केली. तीच आज तुम्हाला सांगतो.

गाणं आलं डब्यातून

तुमच्या पणजोबांच्याही आधीच्या काळात गाणं विकत मिळतच नसे. गाणं ऐकायचं म्हणजे गाणाऱ्यासमोर जाऊन बसायचं. देवळात, जलशात, नाटकात. गाणाऱ्याने तोंड मिटलं की गाणं संपलं.

१९०२ साली कोलकात्यात गोहर जान या प्रसिद्ध गायिकेचं गाणं तबकडीवर मुद्रित झालं. आपल्याकडच्या अगदी पहिल्या ध्वनिमुद्रिकांपैकी ती एक. तेव्हाची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घ्यायची आणि एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं मावायचं. जे गाणं मैफलीत तासभर चालेल, ते तीन मिनिटांत बसवायचं! गोहर जान गाणं संपताना इंग्रजीत स्वतःचं नावही सांगून टाकायच्या. आपल्याकडे बालगंधर्वांच्या नाटकात एकेका पदाला किती वेळा 'वन्समोअर' मिळायचा, त्याच्या गोष्टी आजी-आजोबांनी सांगितल्या असतील. पण तबकडीवर आलं की तेच पद तीन मिनिटांत आटपायचं.

म्हणजे बघा हं, डबा जेवढा मोठा, तेवढंच गाणं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

पुढे डबे बदलत गेले. १९४८ साली लाँग प्ले तबकडी आली. तिच्या एका बाजूला वीसेक मिनिटं गाणी मावू लागली. १९६३ साली फिलिप्स कंपनीने खिशात मावेल अशी कॅसेट आणली. १९८२ साली सीडी बाजारात आली. चकचकीत, हलकी, चौऱ्याहत्तर मिनिटांची.

डबा कुठलाही असो, व्यवहार एकच होता. दुकानात जायचं, पैसे मोजायचे, वस्तू घरी आणायची. ती वस्तू तुमची. मैत्रिणीला ऐकायला द्या, वाढदिवसाला भेट द्या, जुन्या बाजारात विका, नाहीतर कपाटात ठेवून नातवाला दाखवा. दुकानदार काही घरी येऊन ती परत मागत नसे. दुकान बंद पडलं तरी तुमची कॅसेट वाजायची थांबत नसे.

"पण मामा, एकच गाणं आवडलं असेल तर?"

तर काय! दहा गाण्यांची कॅसेट घ्यायची. एका गाण्यासाठी नऊ गाण्यांचे पैसे जास्तीचे. किराणा दुकानात लिंबू मागितलं आणि दुकानदार म्हणाला, अख्खी भाजीची पिशवी घ्या, तसंच ते. पण गंमत सांगू? त्या नऊ नको असलेल्या गाण्यांतली दोन-तीन हळूहळू आवडायला लागायची, आणि कधी कधी तर मूळ गाण्यापेक्षा जास्त!

बारा हत्ती, एक मुंगी

आता जरा गणित करू. घाबरू नका, गुणाकारच आहे.

सीडीवर गाणं आकड्यांच्या रूपात लिहिलेलं असतं. एका सेकंदात आवाज ४४,१०० वेळा मोजतात. प्रत्येक मोजणीला २ बाइट लागतात. डावा आणि उजवा असे दोन आवाज. म्हणजे ४४,१०० × २ × २ = १,७६,४०० बाइट, तेही फक्त एका सेकंदाला. चार मिनिटांच्या, म्हणजे २४० सेकंदांच्या गाण्याला किती? करून बघा. ४ कोटी २३ लाख बाइटच्या वर!

१९९०च्या दशकाच्या शेवटी घरोघरी इंटरनेट यायचं ते टेलिफोनच्या तारेतून. मोडेम नावाचं यंत्र आधी 'टीं टीं खर्रर्र' असा आवाज करायचं, मग जोडणी व्हायची. त्याचा सगळ्यात जास्त वेग सेकंदाला सुमारे ७,००० बाइट, तोही कागदावरच. या वेगाने ते एक गाणं उतरवायला किती वेळ लागेल? एक तास चाळीस मिनिटं! आणि तोवर घरचा फोन अडकलेला. आईने आत्याला फोन करायला रिसीव्हर उचलला की गाणं मधेच तुटलं.

हा हत्ती लहान कसा करायचा, यावर जर्मनीतल्या फ्राउनहोफर या संशोधन संस्थेत काम चाललं होतं. कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग हे त्यातलं मोठं नाव. त्यांनी आणि त्यांच्यासारख्या इतर संशोधकांनी आपल्या कानाचीच खोड हेरली. तुम्ही मित्राशी कुजबुजत रस्त्याने चालला आहात आणि शेजारून ट्रकने कर्कश हॉर्न वाजवला, तर मित्राचं बोलणं ऐकू येतं का? नाही. मित्र बोलतोय, आवाज हवेत आहे, पण कान तो घेत नाही. गाण्यातही असंच होतं. जोरदार आवाजाच्या आड बारीक आवाज लपतात. मग जे कानाला कळणारच नाही, ते साठवायचंच कशाला? ते गाळून टाका!

एक अमेरिकन गायिका आहे, सुझान व्हेगा. तिचं 'टॉम्स डायनर' हे गाणं कुठल्याही वाद्याशिवाय, नुसत्या आवाजात गायलेलं आहे. ब्रांडेनबुर्ग यांनी चाचणीसाठी तेच निवडलं, कारण साथीला काही नसलं की थोडीशी चूकही लगेच कानाला खुपते. सुरुवातीला गाणं अगदी वाईट यायचं. ते सुधारत सुधारत पद्धत पक्की होत गेली. १९९५च्या जुलै महिन्यात अशा फाइलींच्या नावामागे काय शेपूट लावायचं, तेही ठरलं. तीच तुमची 'एमपी३'!

आता त्याच चार मिनिटांच्या गाण्याला लागत होते सुमारे ३८ लाख ४० हजार बाइट. अकरा पट लहान! त्याच रडतखडत मोडेमने ते सव्वानऊ मिनिटांच्या आत उतरायला लागलं. या परिच्छेदाच्या मथळ्यात मी 'बारा हत्ती, एक मुंगी' लिहिलंय ना, ती जरा मामाची अतिशयोक्ती समजा. खरं तर अकरा बैलगाड्यांचा माल एका बैलगाडीत बसला.

म्हणजे काय झालं, सांगा पाहू? इतकी वर्षं गाण्याला डबा लागत होता. आता डबाच गेला. उरलं नुसतं गाणं.

फुकटचं पान

१९९९ साली अमेरिकेत शॉन फॅनिंग नावाच्या अठरा-एकोणीस वर्षांच्या कॉलेजकुमाराने 'नॅपस्टर' नावाचा प्रोग्राम तयार केला. एका ओळीत सांगायचं तर, तुझ्या संगणकातली गाणी मी घ्यायची, माझ्या संगणकातली तू घ्यायची. मधे दुकान नाही, पैसे नाहीत. बघता बघता कोट्यवधी लोक त्यात आले.

ज्यांची गाणी होती, ते अर्थातच चिडले. संगीत कंपन्या कोर्टात गेल्या. 'मेटालिका' हा प्रसिद्ध बँडही २०००मध्ये कोर्टात गेला. २००१च्या जुलैमध्ये नॅपस्टर बंद पडलं. पण लोकांना लागलेली सवय काही बंद पडली नाही. एक बंद झालं की दुसरं उभं राहायचं.

आता तुमच्याशी खोटं कशाला बोलू? मी तेव्हा कॉलेजात होतो. आम्हीही गाणी अशीच जमवली. मित्राच्या संगणकावरून, सीडीवर उतरवून, या हातातून त्या हातात. माझ्याकडे नऊशेच्या वर गाणी झाली होती आणि एकाचेही पैसे मी दिले नव्हते. मला तेव्हा वाटायचं, मी कुणाचं काही उचललेलं नाही. मित्राकडचं गाणं मित्राकडे आहेच! पण ज्याने ते लिहिलं, ज्याने चाल लावली, ज्याने सतार वाजवली, त्याचा विचार कधी मनातच आला नाही. एके दिवशी संगणकाची हार्ड डिस्क बसली आणि नऊशे गाणी एका झटक्यात गेली. फुकट आलेलं फुकट गेलं. वाईट वाटलं, पण तक्रार करणार कुणाकडे?

१९९९ साली अमेरिकेत संगीताची वर्षभराची उलाढाल साडेचौदा अब्ज डॉलरच्या घरात होती. पुढच्या पंधरा वर्षांत ती घसरत घसरत सुमारे सात अब्जांवर आली. निम्म्यावर! सगळा दोष फुकट्यांचा नाही. पण त्यांचा वाटा मोठा होता, हे नक्की.

एक गाणं द्या हो!

२८ एप्रिल २००३. ॲपल कंपनीने इंटरनेटवर गाण्यांचं दुकान उघडलं, 'आयट्यून्स म्युझिक स्टोअर'. सुरुवातीला दोन लाख गाणी. एका गाण्याची किंमत ९९ सेंट, म्हणजे डॉलरला एक सेंट कमी. हवं तेवढं एकच गाणं घ्या, बाकीच्या नऊंची सक्ती नाही! पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी विकली गेली. म्हणजे फुकट मिळत असूनही लोक पैसे द्यायला तयार होते बरं का. फक्त घेणं सोपं हवं होतं आणि किंमत वाजवी हवी होती.

२००८ साली हे दुकान अमेरिकेतलं सगळ्यात मोठं संगीताचं दुकान ठरलं. २०१०च्या फेब्रुवारीत तिथलं दहा अब्जावं गाणं विकलं गेलं.

मग जुन्या दुकानांचं काय झालं? 'टॉवर रेकॉर्ड्स' ही अमेरिकेतली नामांकित दुकानांची साखळी. २००६ साली तिची तिथली सगळी दुकानं बंद झाली. आपल्या मुंबईत काळा घोडा भागात 'ऱ्हिदम हाऊस' होतं. तीन-तीन पिढ्यांनी तिथे उभं राहून गाणी ऐकली, निवडली, घेतली. तेही २०१६ साली बंद झालं. दुकान म्हणजे नुसती विक्री नसते. "तुला हे आवडतं ना, मग हे ऐकून बघ," असं म्हणणारा काउंटरमागचा माणूसही त्याबरोबर जातो.

कलाकारांनाही आता वेगळा विचार करावा लागला. दहा गाण्यांची माळ गुंफायची कशाला, लोक जर एकच मणी नेणार असतील? आणि 'रेडिओहेड' या इंग्लंडच्या बँडने तर २००७ साली कमालच केली. नवी गाणी इंटरनेटवर ठेवली आणि सांगितलं, किंमत तुम्हीच ठरवा! कुणी काही दिलं नाही, तर कुणी चांगले पैसे दिले.

आता आठवतंय ना, 'डबा जेवढा, तेवढंच गाणं'? डबा गेला तसं गाणं मोकळं झालं. पण विकणाऱ्यांना भीती वाटली, की मोकळं गाणं कुणीही उचलून नेईल. म्हणून त्यांनी गाण्याला कुलूप लावलं. आयट्यून्सवर घेतलेलं गाणं सुरुवातीला तीनच संगणकांवर वाजायचं, पुढे पाचांवर. त्याहून जास्त नाही.

कुलपाची किल्ली कुणाकडे? विकणाऱ्याकडे! यातून काय होतं, ते २००८ साली दिसलं. मायक्रोसॉफ्टच्या 'एमएसएन म्युझिक' या बंद झालेल्या दुकानाने जाहीर केलं, की ३१ ऑगस्टनंतर आम्ही किल्ल्या देणार नाही. म्हणजे ज्यांनी रोख पैसे मोजून गाणी घेतली होती, त्यांनी नवा संगणक घेतला की ती गाणी त्यावर वाजणार नाहीत! लोक संतापले. शेवटी कंपनीला ही मुदत २०११च्या अखेरपर्यंत वाढवावी लागली. ॲपलने मात्र २००९मध्ये आपल्या दुकानातल्या गाण्यांची कुलपं काढून टाकली. तेव्हापासून तिथे विकत घेतलेलं गाणं खरोखर तुमचं झालं. जपून ठेवलंत तर वीस वर्षांनीही वाजेल.

आपल्याकडची तऱ्हाच वेगळी

अमेरिकेत हे चाललेलं असताना आपल्याकडे काय होतं? तुमच्या आईबाबांना विचारा. प्रत्येक गावात, एस.टी. स्टँडजवळ, मोबाइल रिचार्जच्या टपरीवर पाटी असायची, 'गाणी भरून मिळतील'. नखाएवढं मेमरी कार्ड द्यायचं, थोडे पैसे द्यायचे, टपरीवाला संगणकातून शेकडो गाणी त्यात भरून द्यायचा. लावण्या, भक्तिगीतं, हिंदी सिनेमाची गाणी, सगळं एकत्र. हेच आपलं डाउनलोडचं दुकान! फक्त ते पैसे टपरीवाल्यालाच मिळायचे. गाणाऱ्याला एक छदामही नाही.

आणि कॉलर ट्यून? दर महिन्याला साधारण तीसेक रुपये कापले जायचे. मजा अशी, की पैसे आपण द्यायचे आणि गाणं ऐकायचं फोन करणाऱ्याने! पैसे थांबले की गाणंही थांबलं. नीट बघितलंत तर हे विकत घेणं नव्हतंच. ते भाड्याने घेणं होतं.

पैसे देऊन गाणी डाउनलोड करायची दुकानं आपल्याकडेही निघाली. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२मध्ये 'फ्लाइट' नावाचं दुकान उघडलं. जून २०१३मध्ये ते बंद करावं लागलं. दीड वर्षही टिकलं नाही! फुकट मिळत असलेल्या गाण्याला एकेक करून पैसे देणारे पुरेसे लोक मिळालेच नाहीत.

मालक की भाडेकरू?

मग आला आजचा काळ. स्वीडनमध्ये २००८ साली 'स्पॉटिफाय' सुरू झालं. भारतात ते २०१९मध्ये आलं. त्याआधीच आपल्याकडे 'गाना', 'सावन' यांसारखी ॲप होती. यांची कल्पना अशी, की एकेक गाणं विकत घ्यायलाच नको. महिन्याचे पैसे भरा, नाहीतर मधे मधे जाहिराती ऐका, आणि लाखो-करोडो गाण्यांतलं हवं ते लावा.

हे वाचनालयासारखं आहे. वर्गणी भरली की सगळी पुस्तकं वाचायला खुली. वर्गणी थांबली की कार्ड बंद. त्यात गैर काही नाही. मुंबईतला मोठा गायक आणि एखाद्या खेड्यातला तरुण शाहीर, दोघांचंही गाणं तुमच्या बोटाच्या अंतरावर आलं. पूर्वी ज्या घरात महिन्याला एक कॅसेट परवडायची नाही, तिथलं मूलही आज जगभरचं संगीत ऐकतं. हे छोटं काम नाही.

घोटाळा झालाय तो एका शब्दामुळे. 'डाउनलोड'! २००९नंतर आयट्यून्सवरून डाउनलोड केलेलं गाणं म्हणजे विकत घेऊन कपाटात ठेवलेलं पुस्तक. आणि माझ्या भाचीने डाउनलोड केलेली साठ गाणी म्हणजे वाचनालयातून घरी आणलेली साठ पुस्तकं. दोन्ही दिसतात घरातच. पण एक आपलं, दुसरं परत द्यायचं. तिच्या फोनमधल्या फाइलींना कुलूप होतं, किल्ली ॲपकडे होती. बाबांची वर्गणी संपली, किल्ली फिरायची थांबली. गाणी जागच्या जागी होती, फक्त मुकी झाली.

"मग यात गाणाऱ्याला किती मिळतं?" भाचीने विचारलं. हा प्रश्न तिने आपण होऊन विचारला, म्हणून मामा खूश!

९९ सेंटच्या गाण्यातले सुमारे ७० सेंट संगीत कंपनीकडे जायचे आणि त्यातून ठरल्याप्रमाणे कलाकाराला. आज ॲपवर एका वेळेला अमुक पैसे असा पक्का दर नसतो. जमलेल्या पैशांचा मोठा ढीग करतात आणि कुणाचं गाणं किती वेळा ऐकलं गेलं, त्या प्रमाणात वाटतात. एका वेळेच्या ऐकण्याचे काही पैसेच पदरात पडतात. स्पॉटिफायवर २०२४पासून तर नियमच झाला, की वर्षभरात हजार वेळाही ऐकलं न गेलेल्या गाण्याला त्यातला वाटा मिळणार नाही. म्हणजे नवख्या गायकाची वाट खडतरच.

आपल्या देशात २०१२ साली एक चांगली गोष्ट घडली. संसदेने कॉपीराइटच्या कायद्यात दुरुस्ती केली. त्याआधी सिनेमाचं गाणं लिहिणारा आणि चाल लावणारा बहुतेक वेळा एकदाच पैसे घेऊन सगळे हक्क लिहून द्यायचा. पुढे गाणं कितीही वाजो, त्याला काही नाही. दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा मानधनातला वाटा कुणाला असा काढून घेता येत नाही. गीतकार जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेचे खासदार होते, ते यासाठी आग्रहाने बोलले होते.

म्हणून दोस्तांनो, पुढच्या वेळी 'विकत घ्या' किंवा 'डाउनलोड करा' असं बटण दिसलं, की दाबण्याआधी दोन प्रश्न विचारा. एक, हे माझं होणार आहे, की मी भाडेकरू आहे? दुसरा, माझ्या पैशातलं काही गाणं करणाऱ्यापर्यंत पोचणार आहे का? भाड्याने राहणं वाईट नसतं. पण आपण भाडेकरू आहोत हे ठाऊक हवं. नाहीतर चिपळूणच्या पुढे पंचाईत होते! आणि एखादं गाणं फारच जिवाभावाचं असेल, तर खाऊच्या पैशातून ते कुलूप नसलेलं विकत घ्या, नाहीतर त्याची सीडी घ्या. अमेरिकेत २०२२ साली सीडींपेक्षा जास्त जुन्या धर्तीच्या तबकड्याच विकल्या गेल्या. ४ कोटी १० लाख तबकड्या आणि ३ कोटी ३० लाख सीडी! हातात धरता येईल असं काहीतरी आपलं असावं, असं तिथल्या लोकांनाही वाटायला लागलं असणार.

आजीचं कपाट

संध्याकाळी रत्नागिरीला घरी पोचलो. भाचीने आजीला पहिली तक्रार गाण्यांचीच केली. आजी काही बोलली नाही. आत गेली, कपाटाच्या वरच्या कप्प्यातून जुना टेपरेकॉर्डर उतरवला, पदराने धूळ पुसली आणि एक नाट्यगीतांची कॅसेट घातली. वर लिहिलेलं नाव उडून गेलं होतं. टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झालेला, त्यामुळे गायकाचा आवाज जरा झोपेतून उठल्यासारखा येत होता. पण गाणं आलं!

"ही घेतली तेव्हा तुझी आई पहिलीत होती," आजी म्हणाली. "ही वाजायच्या आधी कुणाला विचारत नाही."

भाचीने अर्धं गाणं ऐकलं आणि म्हणाली, "आजी, हे नको. यातलं तिसरं लाव ना."

आजी हसली. "तिसरं हवं तर आधीची दोन ऐकावी लागतात गं. नाहीतर बस बटण दाबून, अंदाजाने."

मग काय, दोघी बसल्या टेप पुढे-मागे करत. तिसरं गाणं सापडेपर्यंत भाचीला दुसरंच आवडलं होतं!

करून पाहा

१. घरात सगळ्यात जुनी ध्वनिमुद्रिका, कॅसेट किंवा सीडी कोणती आहे, ते शोधा. ती कुणी, कधी, कुठून घेतली, हे विचारून वहीत लिहा. वाजत असेल तर सगळे मिळून ऐका.

२. तुमच्या आवडत्या एका गाण्याचे गीतकार, संगीतकार आणि वादक कोण, ते शोधून काढा. गायकाचं नाव सांगितलं तर गुण नाहीत, ते सगळ्यांनाच माहीत असतं!

३. पाच मिनिटांचं गाणं सीडीवर किती बाइट जागा घेईल? आणि सेकंदाला १६,००० बाइट घेणाऱ्या एमपी३ला किती लागतील? उत्तर आम्हाला कळवा.

पत्रांची वाट पाहतोय. भेटू पुढच्या आठवड्यात!